वर्गाच्या मधली पडदी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पडदी आहे. नदीकाठची आणि टेकडीवरची मुलं चेंडूवरून हाणामारीवर आली, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला करून घेतलं. "चार दिवस ठेवू. डोकी थंड झाली की काढू," ते सुताराला म्हणाले. पण वर्ग असा चिडीचूप झाला, की मला काढायचं कुणाच्या मनातच आलं नाही. पाहुणे यायचे, माझ्याकडे बघून शिस्तीचं कौतुक करायचे. मीही फुशारून जायचे.

सुरुवातीला मुलं माझ्या फटीतून खडू सरकवायची. टेकडीवरचा एक मुलगा सातच्या पाढ्यात अडखळायचा आणि नदीकाठची एक मुलगी त्याला हळूच पुढचं सांगायची. मग कुणीतरी फटींत कागद कोंबले.

ती मुलं मोठी झाली आणि युद्ध पेटलं. आपल्याच माणसांचं, आपल्याच माणसांशी. शाळेत जखमी आणून टाकले, तेही माझ्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे. त्यातला एकजण तापात पुटपुटत होता, "सात सक बेचाळीस... सात सक बेचाळीस..." मी त्याला ओळखलं. पलीकडून कुणीच पुढचं सांगितलं नाही. सकाळी तो गप्प झाला होता. युद्धानंतर मला अडगळीच्या खोलीत टाकलं, पण तिथेही तो आवाज माझी पाठ सोडत नाही.

काल शाळेतल्या आताच्या मुलांनी मला बाहेर ओढलं. युद्धाची कारणं त्यांनीच वर्गाला शिकवायची होती आणि तक्ते लावायला काहीतरी हवं होतं. त्यांनी मला नेमकं वर्गाच्या मध्यावर उभं केलं. जमीन, नोकऱ्या, अफवा, बंदुका असे चार तक्ते माझ्यावर लागले.

"आम्हाला काही दिसत नाहीये!" माझ्या मागे अडकलेली मुलं ओरडली.

"दिसून काय करणार? सुरुवात तुमच्याच लोकांनी केली!" पुढच्या बाजूने कुणीतरी म्हणालं.

"आमच्या? तोंड सांभाळून बोल!"

बाक सरकले. शिकवणारी उंच मुलगी भांबावून बाईंकडे बघू लागली. बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"हिला कुठून आणलंत रे?" त्या म्हणाल्या. "मी इथे बसायचे, हिच्या या बाजूला. पलीकडे एकजण होता, त्याला मी पाढा सांगायचे. पुढे त्याचं काय झालं, मला कधीच कळलं नाही."

मला माहीत होतं. पण मला कुठे बोलता येतं!

मुलांनी सरकलेले बाक जागेवर ओढले. उंच मुलीने खडू घेतला आणि तक्त्यांखाली, माझ्या उघड्या फळीवर लिहिलं, 'पाचवं कारण: ही.' मग दोन्हीकडच्या मुलांनी मिळून मला उचललं. मला वाटलं, सुटले एकदाची.

पण शिपाई म्हणाला, "लाकूड चांगलं आहे. राहू दे, लागेल कधीतरी." आणि मला पुसून पुन्हा अडगळीत ठेवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी हात जोडून सांगते, मला जपू नका. मी पुन्हा कुणाच्या तरी कामी यायच्या आत मला फोडून टाका.