सरासरी रीडिंग

"किती फाटकं झाली, काका?"

"बावीस," पलीकडून ठणठणीत आवाज आला.

फोनवाल्या बाईंनी खुशीत आकडा मांडला. मागच्या महिन्यात वीस, त्याआधी अठरा. पायाच्या रक्तवाहिन्यांचं ऑपरेशन झालेल्यांना वर्षभर दर महिन्याला फोन करायचा, न थांबता किती चालता येतं ते विचारायचं आणि वहीत लिहायचं, हे हॉस्पिटलात त्यांचं काम. बाकीचे पेशंट मिनिटांत सांगत. हे काका मात्र जन्मभर घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडलेले, म्हणून गल्लीतली फाटकं मोजत. खरं सांगायचं तर बाईंचा त्यांच्यावर जीव होता.

तेवढ्यात पलीकडे झटापट झाली आणि काकूंचा आवाज आला. "यांचं काही ऐकू नका! तीन आठवडे घराबाहेर पाऊल नाही. अंगठा काळा पडलाय. वर मला दम देतात, बाईंना सांगायचं नाही म्हणून!"

"काकू, गाडी करा आणि निघा. आत्ताच्या आत्ता."

ऑपरेशनात पायात बसवलेली शीर बंद पडली होती. डॉक्टरांनी शर्थ केली, पण गुडघ्याखाली पाय काढावाच लागला.

पाचव्या दिवशी बाई वॉर्डात निघाल्या त्या चांगलं खडसावायच्या तयारीनं. काखेत फॉर्मांचा गठ्ठा होता. पन्नाशीपुढच्या सगळ्यांची, अगदी हॉस्पिटलात काम करणाऱ्यांचीही, गुदद्वाराच्या आजारांसाठी तपासणी सुरू झाली होती आणि ते प्रश्न विचारायला दुसरं कोणी धजत नव्हतं. बाई मात्र 'चहा घेणार का' म्हणावं तशा सुरात विचारत, "शौचाला रक्त पडतं का हो?"

स्वतःच्या फॉर्मवर त्यांनी 'नाही' लिहिलं होतं. चार महिने रक्त पडत होतं. मूळव्याध असेल, दुसरं काय, असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं आणि ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा लांबच्या दुकानातून मलम आणलं होतं. तपासणीची खोली त्यांच्या टेबलाला लागून. जिच्याबरोबर रोज डबा खायचा, त्याच नर्ससमोर कपडे सोडायचे, या विचारानंच त्यांना घाम फुटे.

"असं का केलंत हो काका? वेळेवर बोलला असतात तर कदाचित पाय वाचला असता."

काका पांघरुणाच्या सपाट भागाकडे बघत होते. "घराला कुलूप असलं की मीटर दिसायचा नाही. मग मागचे आकडे बघून पुढचा टाकून द्यायचा. सरासरी रीडिंग. तुम्ही एवढ्या हौसेनं विचारायच्या... म्हटलं, आपल्यापायी बाईंची वही कशाला बिघडवा?"

"खड्ड्यात गेली वही!" बाईंचा आवाज चिरकला. बोटांचा रंग विचारा, असा प्रश्न त्यांच्या यादीत होता. आकडे चढते आहेत म्हणून काकांना तो त्यांनी कितीतरी महिने विचारलाच नव्हता. तसं त्यांनी सांगून टाकलं आणि पदरानं डोळे पुसले.

काकांनी गठ्ठ्यातल्या वरच्या फॉर्मवरचे प्रश्न वाचले. "तुमचा भरलात?"

"केव्हाच."

"खरं रीडिंग, की सरासरी?"

बाई उगाचच कागद नीट करू लागल्या. चाळीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहिलेला माणूस तो. आत कोणी असून कडी काढत नाही, हे त्याला कळायचंच.

"माझं जे झालं ते झालं," काका हळूच म्हणाले. "तुम्ही तपासून घ्या, बाई. माझ्यासाठी घ्या."

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपला फॉर्म खोडून पुन्हा भरला. तपासणी करणारी डॉक्टर त्यांच्या लेकीच्या वयाची होती आणि डब्याची मैत्रीण पूर्णवेळ त्यांचा हात धरून उभी होती. आत बोराएवढी गाठ निघाली. काढून तपासली, कॅन्सर नव्हता. "मलम लावत अशाच बसला असतात ना, तर पुढं झाला असता," डॉक्टर म्हणाली. बाईंना त्या रात्री पोटभर झोप लागली.

बाराव्या महिन्याचा फोन शेवटचा. त्यानंतर काकांचं पान बंद होणार होतं. बाईंनी आधी उरलेल्या पायाच्या बोटांचा रंग विचारला. मग त्या जरा घुटमळल्या.

"विचारा की," काका म्हणाले.

"किती फाटकं?"

"एक. आमचंच. थांबा, ऐकवतो. नाहीतर म्हणाल, म्हातारा पुन्हा थापा मारतोय."

फोन काकूंच्या हाती गेला असावा. नव्या पायाचा आणि काठीचा आवाज येऊ लागला. आवाज थांबे, धापा ऐकू येत, पुन्हा सुरू होई. "धरू का?" काकू म्हणाल्या. "नको," काका म्हणाले. बाईंच्या टेबलासमोर माणसं खोळंबली होती. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं.

मग कडी वाजली आणि फाटक करकरत उघडलं.

बाईंनी रकान्यात एक लिहिलं.