शेवटी आलेला

गाणाऱ्यांचं काय जातंय! दर हिवाळ्यात कोणीतरी नवा येतो, शेकोटीजवळची जागा पटकावतो आणि डुकराच्या मांडीचे लचके तोडत आमच्या नायकाची, ब्रातोमारची, गाथा गातो. डोंगर ओलांडून त्याने आपली माणसं या देशात कशी आणली, कायद्याखातर स्वतः वाढवलेल्या पोरावर तलवार कशी चालवली, सगळं साग्रसंगीत. तो पोरगा म्हणे रात्री दारू ढोसून झोपला आणि माळावर उशिरा पोचला. ऐकणारे हळहळतात आणि मी उठून बाहेर जाते. तो पोरगा माझा धाकटा भाऊ होता, माटुगेन. यंदा माझा नवराही गेला. आता बोलायला हरकत नाही.

टोळी हलायची ठरली की पहाटे कर्णा वाजायचा. मग आपलं घर आपल्याच हाताने पेटवायचं आणि निघायचं. शस्त्र उचलणाऱ्या प्रत्येक पुरुषाने ओक वृक्षांच्या माळावर हजर व्हायचं, आणि जो सर्वांत शेवटी येईल त्याला सगळ्यांदेखत मारायचं. त्यामुळे कोणी रेंगाळत नसे. पुरोहित वाटेच्या तोंडाशी उभा राहून येणारा एकेक भाला बघायचा.

माझा नवरा सेनोविर चाकं करायचा. तापवलेलं लोखंडी कडं, म्हणजे धाव, चाकावर चढवून पाणी ओतायचा, आणि ती अशी घट्ट आवळून बसायची की डोंगर उतरला तरी चाक हलू नये. निघायच्या आधी तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव आमच्या अंगणात. कर्णा वाजला तेव्हाही हा एका म्हाताऱ्या विधवेच्या चाकाशी झोंबत होता.

"अहो, पुरे आता! सगळे पुढे गेले. तुमचीच चाकं लावून गेलेत मेले, मागे वळून तरी बघितलं का कोणी?"

"अगं, धाव तापली आहे. आता सोडली तर चाक वाया जाईल."

"आणि तुम्ही वाया गेलात तर?"

"ओत पाणी," तो म्हणाला.

मी पाणी ओतलं. विधवेची गाडी निघाली. आमच्या छपराला मीच कोलीत लावलं आणि आम्ही निघालो, तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. वाटेवर चिटपाखरू नव्हतं.

नदीच्या उतारापाशी माटुगेन घोडीवर बसून आमची वाट बघत होता. सातव्या वर्षापासून तो नायकाच्या घरी वाढलेला. केव्हाच माळावर पोचायला हवा होता.

"ताई, मला वाटलंच, दाजींनी सगळ्या गावाची चाकं केली असणार आणि स्वतःची गाडी रुतवली असणार!" हसत हसत त्याने खाली उडी मारली. बोलता बोलता आमची गाडी खरंच नदीच्या चिखलात रुतली. त्याने खांदा लावून ती बाहेर काढली. "हाक आता. मी मागून येतो."

"मागून? मेल्या, मग तूच शेवटचा ठरशील! हो पुढे."

"आणि मी पुढे गेलो तर दाजी ठरतील त्याचं काय?"

सेनोविरच म्हणाला, "जा रे. उशीर माझा आहे, तू कशाला वाटेकरी होतोस?"

माटुगेन निघाला, पण पाय निघत नव्हता त्याचा. शंभर पावलं पुढे जाऊन सारखा वळून बघत होता. मागे गाडीत सेनोविरला झोप लागली. तीन रात्रींचं जागरण. मरण पुढ्यात होतं तरी डोळे मिटलेच. लगाम माझ्या हातात होते.

चढावर आलो आणि माळ दिसला. सगळे भाले उभे होते. वाटेच्या कडेला दलदल होती, आणि तेव्हाच मला सुचलं. शस्त्र नाही तो मोजणीत नाही! बायकापोरांत बसवतील, हसतील, जन्मभर हसतील. हसू देत. मी त्याचा भाला उचलला, ढाल उचलली, तलवार उचलली आणि एकेक करून सगळं पाण्यात फेकून दिलं. आमच्यात पाण्याला दिलेलं शस्त्र देवाचं असतं, ते कोणी परत काढत नाही.

मान वर केली तर माटुगेन वळून माझ्याकडेच बघत होता. त्याने सगळं पाहिलं होतं. मग त्याने घोडी माळाकडे वळवली. देवाशपथ सांगते, तोवर माझ्या डोक्यात फक्त सेनोविर होता. वाटेवर आमच्यापुढे कोण आहे, हे मी मोजलंच नव्हतं.

माळावर पुरोहिताने गाडी अडवली. सेनोविर दचकून उठला आणि भाल्यासाठी चाचपडू लागला.

"शस्त्रं कुठायत?"

"होती... नदीत रुतलो होतो, तिथेच पडली असतील." त्याचं तोंड उतरलं. "पण शेवटचा मीच आहे. मला धरा!"

"ज्याच्या हाती शस्त्र नाही तो मोजणीत नाही. बायकांत जाऊन बस." पुरोहित रांगेकडे वळला. "शेवटचा भाला कोणाचा?"

ब्रातोमारचा चेहरा पांढरा पडला. माटुगेन स्वतःहून पुढे आला.

मी बोलू शकले असते. 'शस्त्रं मी फेकली,' एवढंच म्हटलं असतं, तर मोजणी चुकवल्याचं उघड होऊन शेवटचा सेनोविर ठरला असता. एकाच तोंडाने दोघांतला एक निवडायचा होता आणि मी तोंड उघडलं नाही. माटुगेनला ते कळत होतं. त्यानेही उघडलं नाही.

माझ्याजवळून जाताना त्याने घोडीचा लगाम माझ्या हातात दिला. "गाभण आहे ताई. चढावर हिच्यावर बसू नकोस."

ब्रातोमारने एकच घाव घातला. मग कर्णा वाजला आणि गाड्या हलल्या. सगळी चाकं सेनोविरची होती, एकही मोडलं नाही.

तीस वर्षं सेनोविर म्हणत राहिला की आपण शस्त्रं सांभाळली नाहीत म्हणून पोरगा गेला. झोपेत रडायचा. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि गप्प राहायचे.

आता कोणी गाणारा आला तर त्याला एवढं सांगा. माटुगेन दारू प्याला नव्हता, झोपला नव्हता. आणि तो शेवटी आलाच नव्हता. त्याच्यामागून आम्ही आलो होतो.