फादरीणबाईंची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, वेताने विणलेली लाकडी खुर्ची आहे. सुताराने आम्हा दोघी बहिणींना एकाच लाकडातून घडवले. एक आमच्या मालकीणबाईंच्या लिहिण्याच्या टेबलाशी गेली. मी समोर राहिले, आल्यागेल्यासाठी. पण येणारे फारसे नव्हतेच.

बाई शाळेत भाषा शिकवत आणि उरलेल्या वेळात कॅथलिक धर्मशास्त्र अभ्यासत. त्या ना धर्मगुरू, ना मठातल्या सिस्टर. साध्या संसारी घरातल्या. तरी धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात त्यांची व्याख्याने होत. मला केवढा अभिमान! शेजारी मात्र हसत, "फादर नाही, सिस्टर नाही, मग ही कोण? फादरीणबाई!"

माझ्यावर हक्काने बसे ती बाईंची धाकटी बहीण. पाय वर घेऊन तासन्‌तास बडबडे. पुढे तिचे बाळ जन्मताच गेले. डोक्यावर पवित्र पाणी घालून बाप्तिस्मा द्यायलाही वेळ मिळाला नाही, म्हणून त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरले. त्यानंतर ती आली तेव्हा माझ्या काठावरच टेकली.

"ताई, तू एवढी शिकलेली. माझं बाळ देवापाशी आहे ना गं?"

बाईंनी हातातले पुस्तक मिटले. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही."

"मग ही पुस्तकं काय चाटायची आहेत?"

ती तरातरा निघून गेली आणि यायचीच थांबली.

बाईंना त्या प्रश्नाने झोप लागू दिली नाही. त्या जुन्या भाषा शिकल्या, जाडजूड ग्रंथ जमवले. ते सगळे माझ्यावर रचले गेले आणि माझा वेत पार झोळीसारखा झाला. कित्येक वर्षांनी बाईंचे पुस्तक निघाले. देवाची दया चार थेंब पाण्यासाठी अडून बसत नाही, असे त्यात होते. लगेच बिशपांकडून एक फादर आले.

"बाई, हे मागे घ्या. कशाला विस्तवाशी खेळ?"

"चूक दाखवा, फादर. आत्ता मागे घेते."

चूक कोणी दाखवली नाही. व्याख्याने मात्र बंद झाली. दाराची कडी वाजेनाशी झाली. बाई एकटीपुरता चहा करत आणि माझ्याकडे बघून विचारत, "बरं, यावर तुमचं म्हणणं काय?" मी काय बोलणार?

मग एका सकाळी धाकटी दारात उभी राहिली. केस पिकलेले, धाप लागलेली.

"नवे फादर आलेत. त्यांनी कुंपण सरकवलं, ताई. माझं बाळ आत आलं. म्हणाले, तुमच्या बहिणीचं पुस्तक वाचलं म्हणून." ती थांबली. "मला नाही कळत तुझं लिहिणं. तू तोंडानं सांग."

"देवापाशी आहे. शपथेवर नाही सांगता येत, पण आशा धरायला खूप जागा आहे."

"तेव्हाच सांगितलं असतंस तर?"

"तेव्हा नुसती समजूत काढली असती. तुझ्या बाळाबद्दल खोटं कसं बोलू गं?"

धाकटीने माझ्यावरचे ग्रंथ उतरवले आणि बसली. माझा वेत कर्रकन तुटला! ती अर्धी आत गेली. दोघी आधी हसल्या, मग गळ्यात पडून रडल्या.

आता बाई नाहीत. धाकटीने मला नवा वेत विणून घेतला आहे. मित्रांनो, खुर्चीचा वेत सैल झाला तर तो पुन्हा घट्ट करता येतो; आमची एवढी निगा राखा. आणि ओळखीचे कोणी एकटे राहत असेल, तर त्यांच्याकडे जाऊन बसा. बोलायला काही नसले तरी चालेल. मी बाईंसमोर जन्मभर होते, पण त्यांना माणूस हवे होते.