२१४५ नंबरची ओळ

माझ्या प्रोग्राममधल्या ओळींचे नंबर दहाच्या पटीत असतात. दहा, वीस, तीस. मध्येच पंधरा-पंचवीस घुसवणाऱ्याला मी कधी प्रोग्रामर मानलं नाही, आणि हे तोंडावर सांगायलाही कमी केलं नाही. त्यामुळे परवा संचिताने फोनवर "काका, २१४५ नंबरची ओळ तुमचीच ना?" असं विचारलं, तेव्हा माझं डोकंच सटकलं.

संचिता डोंबिवलीच्या एमआयडीसीत, आमच्या रंग बनवणाऱ्या जुन्या कारखान्यात इंजिनीअर आहे. तिथल्या रिॲक्टरमध्ये, म्हणजे रसायनं ढवळायच्या बंद टाकीत, ॲसिड कधी आणि किती सोडायचं हे सांभाळणारा बेसिक भाषेतला प्रोग्राम मी अठ्ठ्याऐंशी साली लिहिला. तो अजून चालतो. कॉम्प्युटर मात्र शेवटच्या घटका मोजतोय, म्हणून ती सगळं नव्या मशीनवर नेतेय. माझ्या प्रोग्राममध्ये नावं एकेका अक्षराची, तापमानाला T, पंख्याच्या वेगाला S, असली. ती वाचून बिचारी वैतागली आणि तिने एक टूलच बनवलं. कोणतं अक्षर कोणकोणत्या ओळीत येतं, त्याची यादी ते काढून देतं. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तशी.

"बाकीची अक्षरं वीस-वीस ठिकाणी आहेत," ती म्हणाली, "Q फक्त दोन ओळींत आहे. २१४५ आणि २१४७. काढून टाकू?"

"टाक. माझ्या नाहीतच त्या. कोणीतरी कचरा करून ठेवलाय."

"काका, एकदा ऐका तरी." तिने वाचून दाखवलं. रिॲक्टरमधला ढवळणारा पंखा थांबला तर Q एक करा. Q एक असेल तर ॲसिड बंद करा.

चौऱ्याण्णव साली भर दुपारी तो पंखा बंद पडला होता. ॲसिड आपोआप थांबलं, स्फोट टळला, आणि मालकांनी शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. तापमान चढलं की ॲसिड बंद, या मी घातलेल्या अटीमुळे सगळे वाचले, असं मीही धरून चाललो. पण पंखा थांबला की तापमान लगेच चढत नाही. ॲसिड नुसतं साचत राहतं, आणि पंखा पुन्हा फिरला की एकदम भडकतं. केमिकल इंजिनीअर असून हे तीस वर्षं माझ्या डोक्यात आलं नाही, कारण सत्कार झालेला माणूस पुन्हा तपासायला जात नाही. त्या दुपारी मी रिॲक्टरपासून चार हातांवर उभा होतो.

"काढू नकोस," मी म्हणालो. "आणि रविवारी माझ्याबरोबर विठ्ठलवाडीला चल."

माझे हाताने लिहिलेले कागद कॉम्प्युटरवर टाइप करणारी एकच व्यक्ती होती, कलावतीबाई. रविवारी आम्ही कल्याणहून रिक्षाने तिच्या घरी गेलो. आता तिची सत्तरी जवळ आलीय. मी Q म्हटल्याबरोबर तिने कपाटातून एक वही काढली. प्रत्येक पानावर एक अक्षर, खाली ओळींचे नंबर.

संचिताने पानं उलटली. "काकू, मी जे आत्ता बनवलं ते तुम्ही तेव्हाच हाताने केलंत?"

"काय करणार? साहेब एकच अक्षर दोन कामांना वापरायचे आणि घोळ झाला की माझ्यावर ओरडायचे. मग मी लिहून ठेवायला लागले. Q चं पान कोरं होतं, म्हणून त्या दोन ओळींसाठी ते घेतलं."

"मला विचारायचं तरी," मी म्हणालो.

"विचारलेलं, साहेब. पंखा थांबला तर काय, म्हणून. तुम्ही म्हणालात, बाई, तुम्ही टाइप करा, विचार करायला मी आहे."

मला ते आठवलं, अगदी आवाजासकट. आयुष्यभर नाकाने कांदे सोलले आणि जीव वाचवला तो मी दटावून गप्प केलेल्या बाईने. मी हात जोडले. "कलावतीबाई, मी त्या दिवशी तिथेच उभा होतो. पुढची सगळी वर्षं, मुलीचं लग्न, नातवंडं, सगळं तुमच्यामुळे पाहिलं. आणि तुमचा सत्कार मी घेऊन बसलो."

ती संकोचली. "मी काही तुमच्यासाठी नव्हतं केलं, साहेब. त्या रिॲक्टरवर आमचे हे असायचे. पंखा थांबला की ॲसिड साचतं, हे त्यांनीच घरी सांगितलेलं, जेवताना."

तिचे हे म्हणजे धोंडीबा. आमचा रिॲक्टर ऑपरेटर. तेवढ्यात तोच भाजीची पिशवी घेऊन आत आला आणि मला बघून गडबडला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं, माझं ते वाक्यही गाळलं नाही.

धोंडीबाने भाजीची पिशवी खाली ठेवली. मग बायकोकडे वळला.

"इतकी वर्षं मला का नाही बोललीस?"

"बोलले असते," ती म्हणाली, "तर तुम्ही पंख्याकडे बघायचं सोडलं असतं."