प्लास्टिकमधले तीन रिकामे चौकोन

मी एक जुना निवासी परवाना आहे. कागदाने स्वतःविषयी बोलावे की नाही, याची मला आजही खात्री नाही. पण मित्रांनो, माझ्यावर ज्या बाईंचा फोटो आहे त्यांच्यावर काय ओढवले आहे, हे कोणीतरी सांगायला हवे. चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

तेहतीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या परदेशी नागरिक नोंदणीच्या कचेरीत माझा जन्म झाला. तिथल्या कारकुनाने निळ्या शाईने माझ्यावर लिहिले : नाव मथुरा, जन्म कराची. तुम्हाला नवल वाटेल. पण कराचीतही मराठी घरे होती, थोडी अजून आहेत. मथुराबाई तिथेच वाढल्या. मंगळागौरीची गाणी आणि मोदकाच्या कळ्या त्या तिथेच शिकल्या. पुण्याचे रंगनाथ त्यांच्या आत्याच्या सासरकडचे. लग्न ठरले आणि बाई सीमा ओलांडून इकडे आल्या. घरात त्या सून झाल्या, कागदावर परदेशीच राहिल्या.

माझे काम साधे होते. पुढे फोटो, मागे चौकोन. दर वर्षी मुदत संपण्याआधी एका चौकोनात शिक्का पडायचा, की बाईंना आणखी एक वर्ष इथे राहता यायचे. मागची बाजू भरली की साहेब मला एक जोडपान लावून द्यायचे. रंगनाथ पुस्तकबांधणी करायचे. कचेरीतल्या डिंकाचे ओघळ त्यांना बघवत नसत.

"साहेब, मी घरून खळ आणली आहे," असे म्हणून ते पिशवीतून डबी काढायचे.

"अहो, तुम्ही तर बायकोलाच बाइंडिंग करायला निघालात!" साहेब म्हणायचे. बाई पदर तोंडाला लावून हसायच्या. मला ते दिवस आवडायचे.

वर्षातले बाकीचे दिवस मी एका जाडजूड शब्दकोशात काढले. तो बांधणीला आला होता, मालक परत न्यायला आलाच नाही. माझ्या डावीकडच्या पानावर 'परका' हा शब्द होता. मी तो इतक्या वेळा वाचला, की पुढे पुढे त्याची भीती वाटेनाशी झाली. तिथेच माझे चुकले असावे.

नागरिकत्वासाठी अर्ज करता आला असता. पण त्याला दिल्लीतल्या पाकिस्तानी वकिलातीतून आधीचे नागरिकत्व सोडल्याचे पत्र लागायचे. दर वर्षी कचेरीतून परतताना रंगनाथ म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." आणि दोघांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नाही. वारज्यात शेजारणी विचारायच्या, "मथुराबाई, माहेर कुठलं हो तुमचं?" त्या म्हणायच्या, "लांबचं आहे," आणि भाजी निवडत राहायच्या. दिरांची मुलगी भाग्यश्री हिलासुद्धा ठाऊक नव्हते.

या जानेवारीत रंगनाथ गेले. माझी मुदत मार्चअखेर संपत होती. बाईंना तारीख पाठ होती. दोनदा त्या मला पिशवीत घालून बस थांब्यापर्यंत आल्या आणि परत फिरल्या. कचेरीच्या त्या खोलीत त्या कधी एकट्या गेल्या नव्हत्या. एप्रिल गेला, मे गेला. शब्दकोश मिटलेला राहिला. मी आत पडल्या पडल्या दिवस मोजत होतो आणि मला ओरडता येत नव्हते.

भाग्यश्री हिंजवडीत नोकरी करते, पोरगी मायेची. काकूंच्या घरात येणारे उत्पन्न थांबले हे पाहून तिने विधवांना मिळणाऱ्या निराधार योजनेचा अर्ज भरायचे ठरवले. बाई देवळात गेल्या असताना तिने घरातले सगळे कागद गोळा केले. शब्दकोशातून मीही निघालो. माझ्यावर काकूंचा फोटो आणि सरकारी शिक्का एवढेच तिने पाहिले. बाकीचे वाचले नाही.

कोथरूडच्या झेरॉक्सच्या दुकानात मला उलगडून दोन पारदर्शक कागदांमध्ये ठेवले आणि तापलेल्या रुळांतून ओढले. मित्रांनो, आवाज लांबून आल्यासारखा होतो. वास नाहीसा होतो. बाहेरचे दिसते, पण कशाचा स्पर्श आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

"काकू, बघ! सगळे डॉक्युमेंट्स लॅमिनेट करून आणले. आता पाणी सांडू दे नाहीतर वाळवी लागू दे, नो टेन्शन."

बाईंनी मला उलटे केले आणि प्लास्टिकवरून नखाने चौकोन चाचपले. माझे शेवटचे तीन चौकोन रिकामे होते. त्या दुपारी त्यांनी पुतणीला पहिल्यांदा माहेरचे गाव सांगितले.

योजनेच्या खिडकीवरच्या माणसाने मला दोनदा उलटेपालटे केले.

"बाई, तुम्ही भारताच्या नागरिक नाही?"

"अहो, मी मराठी आहे."

"भाषा मी विचारलीच नाही. मराठी तर आमच्या खिडकीवरचा पोपटपण बोलतो. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणा. नाहीतर हे पैसे तुमच्यासाठी नाहीत."

"आणि ते कसं मिळतं?" भाग्यश्रीने विचारले.

"त्याला आधी इथला मुक्काम चालू असावा लागतो. यांचा मार्चमध्येच संपलाय. मी काय सांगतोय ते कळतंय ना तुम्हाला?"

कळले होते. दोघी नोंदणी कचेरीत गेल्या. डिंकावरून हसणारे साहेब केव्हाच निवृत्त झाले होते. नवे साहेब तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी खरेच प्रयत्न केला. शिक्का शाईत बुडवून माझ्या रिकाम्या चौकोनावर दाबला. मग अंगठा फिरवला. शाई पुसून गेली, जणू उमटलीच नव्हती.

"आजी, प्लास्टिकवर मुदतवाढ होत नाही. मूळ कागद मोकळा करून आणा. आणि तीन महिने उशीर का झाला ते लेखी द्या. पंधरा दिवसांत नाही आलात, तर वरून देश सोडायचा हुकूम येईल, आणि मग ते माझ्या हातात राहणार नाही."

भाग्यश्रीने इस्त्री तापवली, पात्याने प्लास्टिक उचकटायला घेतले. प्लास्टिकचा कोपरा सुटला. त्याबरोबर माझा पहिला शिक्काही सुटला आणि उलटा होऊन प्लास्टिकला चिकटून वर आला. त्याच्या जागी पांढरा डाग राहिला.

"थांब," बाई म्हणाल्या. "हे सगळे निघाले तर मी इथे कधी राहिलेच नव्हते असं होईल."

"आणि नाही काढलं तर, काकू?"

बाईंनी इस्त्रीचे बटण बंद केले.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादा कागद पुस्तकात, गादीखाली, डब्यात पडला असेल. त्याला जपायचे म्हणजे बंद करून ठेवायचे नसते. त्याची मागची बाजू वाचा. त्यावरची तारीख घरातल्या प्रत्येकाला सांगा. आणि त्यात काही लपवण्यासारखे असेल, तर ते आधी आपल्या माणसांना सांगा. खिडकीवरच्या माणसाला ते कधीतरी कळणारच असते.

आज पंधरावा दिवस. बाईंनी इस्त्रीचे लुगडे नेसले आहे. भाग्यश्री रिक्षा आणायला गेली आहे. बाई खुर्चीत बसल्या आहेत आणि मी त्यांच्या मांडीवर आहे. त्या माझ्यावरून सारखा हात फिरवतात, हे मला दिसते. तो हात मात्र मला लागत नाही.