एका ओळीत दोघी

मित्रांनो, मी मुरबाडच्या मुलींच्या वसतिगृहातला एक जुना लॅपटॉप आहे. झाकण सुतळीने बांधलेलं, बॅटरी कधीच मेलेली. पण तोरा अजून शाबूत आहे हं! नवा होतो तेव्हा मला रुमालाने पुसायचे. पुढे माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. तरी याद्या जुळवायची वेळ आली की सगळ्यांना माझीच आठवण येते.

यंदा वसतिगृहात अकरावीच्या प्रवेशासाठी अर्जांच्या दोन याद्या आल्या, एक शहापूरची, एक मुरबाडची. बऱ्याच मुलींनी दोन्हीकडे अर्ज केले होते. आमच्या लिपिक दिपालीताईंनी मला सांगितलं, नाव, वडील, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की दोन ओळींची एक कर. मी चुटकीसरशी एकोणचाळीस नावांची एक यादी करून दिली. ताई खूश, मी त्याहून खूश! यादी दारावर लागली. पाच वाजता ती ठाण्याच्या कार्यालयाला पाठवायची होती. त्यानंतर बदल नाही.

चार वाजता दोन मुलींनी यादीतल्या एकाच नावावर बोट ठेवलं. मंगळी नवसू मेंगाळ.

"ही मी."

"नाय गो, ही मी!"

एक शहापूरकडच्या शेणवे गावची, दुसरी मुरबाडकडच्या वैशाखरे गावची. ताईंनी मला उघडून पाहिलं, तर शेणव्याचीच ओळ उरलेली. वैशाखऱ्याची मंगळी रडकुंडीला आली. तिच्या गावात अकरावी नव्हती. वसतिगृहात खाट मिळाली नाही तर तिची शाळा संपलीच म्हणायची.

"पण मशीन कसं चुकेल?" ताई म्हणाल्या. "नाव एक, बापाचं नाव एक, जन्म एक जूनचा, सालही तेच."

तिची आई ठकी पदर खोचून पुढे आली. "अगो बाय, एक जून तर गुरुजींनी सगल्या पाड्याला लावलाय! नि मंगळवारी जल्मली म्हणून मंगळी. मंगळवार काय आमच्याकडंच येतो? शेणव्याला पण येतोच ना!"

ताईंनी कपाळाला हात लावला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाचा रकाना माझ्या पोटातच होता. तो पाहा असं मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही शहाणा गप्प बसलो.

"चल रे म्हाताऱ्या, आता गावासकट जुळव," ताई म्हणाल्या. माझा पंखा घरघरला, अंग तापलं, पण मी थांबलो नाही. आणि काय सांगू, एकोणचाळीसच्या बेचाळीस झाल्या! सावळी नावाची एक आणि रंगू नावाची एक मुलगीसुद्धा मी अशीच गिळून बसलो होतो. खाटा पंचेचाळीस होत्या. पाच वाजायला दहा मिनिटं असताना यादी रवाना झाली. ठकीने माझ्या झाकणावरून हात फिरवला. "गुणाचा हाय गो," म्हणाली. इतक्या वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, पण त्याहून जास्त माझ्यातल्या नावांना जपा. एखादी ओळ खोडण्याआधी त्या माणसाला एकदा हाक मारून बघा. त्या संध्याकाळी ताईंनी दारात उभं राहून हाक मारली, "मंगळी नवसू मेंगाळ!"

आणि दोघी एकदम ओरडल्या, "हजर!"