द्विध्रुवाचा प्रश्न

लाल पेन्सिलीची फुली जरा जास्तच दाबून मारली गेली होती—कागदाच्या मागच्या बाजूला ती बोटाला लागत होती. देवकीचा पेपर. वाढवणची, मासे विकणाऱ्या विठाबाईची मुलगी. आणि ही मला शिकवणार! मास्तरांनी पेपर पालथा ठेवला. डहाणूच्या त्या शाळेतली शिक्षकांची खोली मधल्या सुट्टीत नेहमीसारखी घोरत होती... पुण्यात एम.एस्सी. अर्धवट टाकून आलेला माणूस या घोरणाऱ्यांत सात वर्षं टिकला, याची त्यांना स्वतःचीच किळस आली.

मुंबईच्या शिष्यवृत्ती परीक्षेला शाळेतून एकच नाव जायचं होतं, आणि ते आज पाचच्या आत. निवडीसाठी मास्तरांनी मुद्दाम पुस्तकाबाहेरचा प्रश्न घातला होता: एकसमान विद्युतक्षेत्रात द्विध्रुव थोडा वळवून सोडला, तर काय होईल? वर्गात त्यांनीच सांगितलं होतं—एका टोकाला धन प्रभार, दुसऱ्याला ऋण. क्षेत्र दोन्ही टोकांना उलट दिशांनी ओढतं, द्विध्रुव फिरतो, क्षेत्राच्या रेषेत येतो आणि थांबतो. सगळ्यांनी तेच घोकून लिहिलं. मेंढरं! देवकीनं लिहिलं होतं: ‘रेषेत येतो तेव्हा फिरवणारा जोर शून्य, पण वेग सगळ्यात जास्त. म्हणून तो थांबत नाही. पलीकडे जातो, परत येतो. अडवणारं काही नसेल तर असाच झुलत राहतो.’

बरोबर होतं. फुली मारतानाच कळलं होतं, आणि परवा वर्गात ते चूक म्हणून सांगतानाही—पण शेंबड्या पोरांसमोर उभं राहून, मी चुकलो म्हणायचं? मी?

“मास्तर, येऊ काय?”

दारात विठाबाई. टोपली बाहेर ठेवून आली होती, तरी वास आत आलाच. मास्तरांनी नाकाला रुमाल लावला, तिला दिसेल असा.

“पोरगी दोन दिस जेवली नाय. म्हणते, चूक माझी नाय. मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही सांगा चुकली म्हणून, मी तिला समजावते.”

किती सोपं करून टाकलं होतं या बाईनं! “चुकली,” मास्तर म्हणाले.

“मग झालं. तुम्ही कशाला खोटं बोलाल?” तिनं हात जोडले आणि ती निघाली.

असल्या भाबडेपणाचा तिटकारा यायला हवा होता. त्यांनी वाट पाहिली... तो येईना. खिडकीबाहेर देवकी उभी होती. “मास्तर म्हणतात, चुकली,” आईचा आवाज आला, आणि मास्तरांनी कान टवकारले—आता ती उसळेल, पाय आपटत आत येईल, पेपर मागेल...

“बरं,” देवकी म्हणाली.

बरं? एवढंच? भांड ना, मूर्ख मुली—मास्तर उठून उभे राहिले होते, दोन्ही हातांनी टेबल धरून—मी खोटं बोललोय, भांड माझ्याशी...